वहिनीची किडनी आपोआप फुटली, जांघेतून तार घालून रक्त थांबवलं. आता पुढे काय करावं?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे मिसळ आणि ट्रेक सोडून कशावर लिहीत नाही, पण गेले दहा दिवस घरात जे चाललंय त्यावर तुमचं मत हवंय.

वसुबारसेच्या दुपारी वहिनीच्या (वय ४३) डाव्या कुशीत अचानक कळ आली. दादाला दोन वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता, त्यामुळे आमच्या घरात मुतखड्याचे सगळेच स्पेशालिस्ट. पाणी पाजलं, गोळी दिली, शेक दिला. तासाभरात तिला दरदरून घाम फुटला आणि बाथरूमच्या दारात धाडकन पडली. राजाराम पुलाच्या ट्रॅफिकमधून कसं नेलं आमचं आम्हाला माहीत. बीपी ८०/५०. गंमत म्हणजे लघवी एकदम स्वच्छ, रक्ताचा टिपूस नाही, हिमोग्लोबिनपण पहिल्यांदा ११ आलं, म्हणून मला वाटलं की फार काही नाहीये. सीटी केला तर किडनीवर ६.८ सेमीची गाठ, ती फुटलेली आणि किडनीभोवती रक्ताचा हा एवढा गोळा. कळ यायच्या आधी कुठे पडली नाही, लागलं नाही, काही नाही. आपोआप. रात्रीपर्यंत हिमोग्लोबिन ७ वर.

मी धरून चाललो होतो की आता पोट फाडणार. तर शिशाचा एप्रन घातलेला एक डॉक्टर आला आणि म्हणाला मी सर्जन नाही, रेडिओलॉजिस्ट आहे, जांघेतून बारीक नळी घालून फुटलेली शीर आतून बंद करतो. दीड तास लागला. वहिनी चक्क जागी होती. तीन पिशव्या रक्त चढलं. सकाळी बघतो तर जांघेत एक चिकटपट्टी, बाकी अंगावर ओरखडा नाही!

आता घरी आलोय. डॉक्टर म्हणतात गाठ साधी आहे, कॅन्सर नाही वाटत, नाव अँजिओमायोलायपोमा. तीन महिन्यांनी परत स्कॅन करून बघू, नाहीतर रक्त जिरल्यावर दुर्बिणीतून तेवढी गाठ काढू, तुम्ही ठरवा. साताऱ्याचे काका म्हणतात देवाने दोन दिल्यात, एक काढा आणि मोकळे व्हा. दादा गप्प. आणि मला कळत नाहीये की ज्याला एक टाका पडला नाही त्याला ऑपरेशन झालं म्हणायचं का? परत फुटलं तर? कुणाला अनुभव?

खडूस_काका

आधी वहिनींना विचारलंत का त्यांना काय वाटतं? तुम्ही, दादा, साताऱ्याचे काका, सगळ्यांची मतं आली, किडनीवालीचं मत दिसलं नाही.

सिंहगडरोडकर

@खडूस_काका, ती झोपून आहे हो. पण मुद्दा बरोबर.

मुक्ता_कोथरूड

अरे बापरे. वाचून काटा आला. माझ्या आईला हेच होतं, फक्त तिची गाठ फुटायच्या आधी सापडली, ५.४ सेमी. ठरवून एम्बोलायझेशन (हेच, नळी घालून शीर आतून बंद करणं) केलं. वर्षाने सोनोग्राफीत ३.९. पूर्ण जात नाही म्हणाले, कारण त्यात चरबीचा भाग असतो तो तसाच राहतो, रक्तवाहिन्यांचा भाग आक्रसतो.

एक सांगते, नंतर चार-पाच दिवस आईला १०१ ताप, मळमळ आणि कुशीत ठणका होता. आम्ही घाबरून रात्री अडीचला कॅज्युअल्टीत. तिथल्या पोराने शांतपणे सांगितलं की रक्त तोडलेला भाग आत मरतो त्याचा हा ताप आहे. ताप वाढत गेला किंवा आठवड्यानंतरही राहिला तर या. तुमच्या वहिनींना आला का?

सिंहगडरोडकर

हो हो! दुसऱ्याच दिवशी १०१. दादाने नर्सशी भांडण काढलं की तुमच्या एसीमुळे झालं.

बाणेरचा_बंड्या

मी उलट बाजूने बोलतो. माझ्या साडूची अशीच गाठ रोबोटने काढली, तेवढी गाठच, बाकी किडनी शाबूत. पोटावर पाच भोकं, चौथ्या दिवशी घरी, तीन आठवड्यांनी ऑफिस. खर्च दणकून आला पण विषय संपला. तार घालून बंद केलेलं म्हणजे गळक्या नळाला चिंधी बांधण्यासारखं आहे, आयुष्यभर डोक्यावर टांगती तलवार. दर सहा महिन्यांनी स्कॅन आणि स्कॅनच्या आधीचे आठ दिवस झोप नाही. त्यापेक्षा काढून टाका.

रेडिओवाला

मी याच क्षेत्रातला आहे, पेशंट बघितलेला नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

बंड्या, नळाची उपमा सुरेख आहे पण चिंधी बाहेरून बांधतात, आम्ही पाइपाच्या आत बूच मारतो. दोन्ही किडन्यांमधून मिळून मिनिटाला साधारण एक लिटर रक्त वाहतं, हृदय जेवढं ढकलतं त्याचा पाचवा हिस्सा. तिथे वाहिनी फुटली तर काय होईल विचार करा. या गाठीत नावाप्रमाणेच वाहिन्या, स्नायू आणि चरबी असते, आणि त्या वाहिन्या कच्च्या असतात, भिंतीत हवा तसा लवचिकपणा नसतो, म्हणून त्या फुग्यासारख्या फुगतात. ४ सेमीच्या वर गाठ गेली किंवा आतला फुगा ५ मिमीच्या वर गेला की फुटायचा धोका वाढतो असं आम्ही धरतो. वहिनींची ६.८ होती.

आता पोट का नाही उघडलं. रक्त किडनीभोवतीच्या आवरणात साठतं आणि त्या दाबानेच रक्तस्राव थोडा आवरलेला असतो. सर्जनने ते आवरण उघडलं की दाब गेला, रक्ताचा लोट आला, गाठ कुठली किडनी कुठली दिसत नाही, आणि जीव वाचवायला बहुतेक वेळा पूर्ण किडनी काढावी लागते. म्हणून शक्य असेल तिथे आधी आतून बंद करायचं. जांघेतल्या धमनीत सुई, सुईतून तार, तारेवरून नळी. ही युक्ती सेल्डिंगर नावाच्या स्वीडिश रेडिओलॉजिस्टची, १९५३ सालची, अजून तीच चालते. नळी मुख्य धमनीतून किडनीत, तिथून अजून बारीक नळी थेट गाठीला रक्त देणाऱ्या फांदीत. मग कॉइल (बारीक तारेचं वेटोळं), बारीक कण, कधी ग्लू. जितकं फांदीच्या टोकाला जाऊन बंद करू तितकी चांगली किडनी वाचते, कारण किडनीच्या फांद्यांना आडवाटा नसतात. एक बंद केली की तिच्यावरचा तुकडा गेलाच. आयसीयूत क्रिएटिनिन (किडनी कितपत काम करते ते सांगणारी रक्ततपासणी) रोज बघतात ते त्यासाठी आणि डायमुळे (वाहिन्या पडद्यावर दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध).

आणि हो, हे ऑपरेशनच आहे. कातडीवर टाका नाही म्हणून छोटं नाही. वहिनींना सध्या जड उचलायला लावू नका.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. तीन महिन्यांनी स्कॅन का, तर आत्ता रक्ताच्या गोळ्यामागे काय दडलंय ते दिसत नाही. कधीकधी आपोआप रक्तस्रावामागे किडनीचा कॅन्सर निघतो. सीटीत चरबी स्पष्ट दिसली असेल तर ९९ टक्के निवांत रहा, पण तो स्कॅन चुकवायचा नाही.

निवांत_पेठकर

अवांतर: या प्रकाराला वुंडरलिश सिंड्रोम म्हणतात. हा कार्ल वुंडरलिश जर्मन डॉक्टर, त्याने १८५६ मध्ये वर्णन केलं. माणसाचं नॉर्मल तापमान ३७ अंश असं जगाच्या डोक्यात बसवणारा तोच, हजारो पेशंटांच्या काखेत थर्मामीटर लावून लावून. म्हणजे वहिनींचा आजारही त्याचा आणि नंतरचा तापही त्याच्याच खात्यावर.

खडूस_काका

पेठकर १ ते ४ झोपत नाहीत तर हे वाचत बसतात हे आज कळलं.

आज्जीचीबटवी

सिंहगडरोडकर, हुलग्याचं कढण रोज सकाळी अनशापोटी द्या, आणि पुनर्नवा. आमच्या शेजारी एकांची गाठ विरघळली.

लॅबवाली

@आज्जीचीबटवी, ताई राग मानू नका. हुलग्याचं कढण मलाही आवडतं, तूप-जिरं घालून. पण शेजाऱ्यांचा खडा असेल. ही चरबी आणि वाहिन्यांची गाठ आहे, कढणाने कशी विरघळेल? आणि नुकतंच एवढं रक्त गेलंय, डाय गेलाय, अशा वेळी डॉक्टरांना न सांगता काढे नकोत. हिमोग्लोबिन आधी ११ का आलं तेही सांगते, लोक यावर फसतात. रक्त जातं तेव्हा पेशी आणि पाणी दोन्ही जातात, त्यामुळे उरलेल्या रक्ताचं प्रमाण तेच दिसतं. काही तासांनी शरीर आणि सलाईन पाणी भरून काढतं तेव्हा आकडा कोसळतो. पहिला रिपोर्ट चांगला आला म्हणून घरी जाणारे पेशंट बघितलेत मी.

आज्जीचीबटवी

बरं बाई. नुसतं कढण म्हणून तरी द्या. थंडी पडायला लागलीय.

तळजाई_वॉकर

एक शंका, कॉइल कशाची असते? विमानतळावर वाजेल का? एमआरआय चालतो का?

रेडिओवाला

बहुतेक प्लॅटिनमच्या. लोहचुंबकाला चिकटत नाहीत, एमआरआय चालतो, फक्त आधी कार्ड दाखवायचं. विमानतळावर वाजणार नाही, वाजण्याइतका ऐवज नसतो.

बाणेरचा_बंड्या

म्हणजे यंदा पाडव्याला दादांनी वहिनींना प्लॅटिनम घातलं म्हणायचं. आमच्या हिला सांगू नका.

पॉलिसीवाला_पक्या

क्लेमचं काय झालं? या प्रकारात एक नेहमीची भानगड असते, कंपनीकडून प्रश्न येतो की टाके नाहीत, मग सर्जरीचे पैसे कसले. डिस्चार्ज कार्डावर प्रोसीजरचं पूर्ण नाव आणि इमर्जन्सी होती हे लिहून घ्या, कॉइलचे स्टिकर बिलाला जोडा. आणि दुसरी भानगड, हा आजार आधीपासूनचा का. जुने सोनोग्राफी रिपोर्ट आहेत का घरात?

सिंहगडरोडकर

मंडळी, पक्याने विचारलं म्हणून काल रात्री माळ्यावरची फाईल काढली. हात थरथरतायत टाइप करताना. २०१७ मध्ये वहिनीची पित्ताशयासाठी सोनोग्राफी झाली होती. पित्ताशय नॉर्मल म्हणून आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. त्याच रिपोर्टात खाली, बारीक अक्षरात, डाव्या किडनीत २.९ सेमीची चकाकणारी गाठ, बहुधा अँजिओमायोलायपोमा, फॉलोअप घ्यावा. आठ वर्षं तो कागद आमच्या डोक्यावर होता. शब्दशः डोक्यावर, माळ्यावर. दादा तो रिपोर्ट हातात धरून अर्धा तास बसला होता.

मुक्ता_कोथरूड

दादांना सांगा स्वतःला खाऊ नका. आम्हीपण इम्प्रेशनची शेवटची ओळच वाचतो. ज्यांनी तेव्हा रिपोर्ट बघितला त्या डॉक्टरांनी तोंडाने सांगायला हवं होतं ना.

पॉलिसीवाला_पक्या

पॉलिसी सलग किती वर्षं आहे? ५ वर्षं म्हणजे ६० महिने झाले असतील तर जुनं सांगितलं नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच. २०२४ पासून ५ झालं, आधी ८ होतं. आणि तो रिपोर्ट लपवू नका हां, उलट डॉक्टरांना दाखवा.

सिंहगडरोडकर

२०१६ पासून चालू आहे. हुश्श. डॉक्टरांना दाखवला, ते म्हणाले बरंच झालं, आठ वर्षं हळूहळू वाढणारी गाठ म्हणजे साधीच असण्याकडे कल.

तळजाई_वॉकर

हा धागा वाचून आज सकाळी आमच्या अख्ख्या ग्रुपने फाईली काढल्या. निकाल: दोन फॅटी लिव्हर, एक साधी सिस्ट, एकाला प्रोस्टेट मोठी असल्याचं २०१९ पासून माहीत नव्हतं, म्हणजे रात्री चारदा उठायचा पण कारण पाण्याला द्यायचा.

निवांत_पेठकर

एक सूर वेगळा लावतो. उद्यापासून सगळे सोनोग्राफीच्या रांगेत उभे राहू नका. वय झालं की प्रत्येकाच्या पोटात काहीतरी सापडतं, त्यातलं बहुतेक त्याच्याबरोबर सुखाने म्हातारं होतं. माझी स्वतःची १.१ सेमीची अशीच गाठ आहे, सात वर्षं आहे तेवढीच आहे. झालेले रिपोर्ट वाचा एवढंच, नवे काढत सुटू नका.

बाणेरचा_बंड्या

+१. आधी म्हणलेलं काढून टाका हे जरा मागे घेतो. साडूची गाठ अशा जागी होती की काढणं सोपं होतं, तेव्हा मला हे जागेचं गणित माहीत नव्हतं.

हडपसरी

माझ्या वडिलांना रक्त पातळ करायची गोळी चालू होती, हृदयाच्या झडपेसाठी. आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी) करायचं दोन महिने राहिलं आणि अशीच कुशीत कळ, किडनीभोवती रक्त. गाठबिठ काही नाही. त्यांना तारही नाही आणि भोकंही नाहीत, गोळी थांबवली, उतारा दिला, आठ दिवस झोपवून ठेवलं, रक्त आपलं आपण जिरलं. झडपेमुळे गोळी परत कधी चालू करायची यावर मात्र दोन डॉक्टरांचं दोन दिवस चर्वितचर्वण. म्हणजे आपोआप रक्त आलं की प्रत्येक वेळी एम्बोलायझेशनच असं नाही, कारण काय त्यावर आहे.

बारामतीची_मावशी

सगळे शहरातलं बोलताय म्हणून लिहिते. आमच्या गावाकडे माझ्या नणंदेला हेच झालं तेव्हा रात्री अकराला ही तार घालणारं कुणी नव्हतं. पुण्याला न्यायचं तर वाटेत गेली असती. तिथल्या सर्जनने पोट उघडलं आणि किडनी काढली. वीत-दीड वीत टाके. आज चौदा वर्षं झाली, एका किडनीवर शेतात खुरपणी करते, दोन नातवंडं सांभाळते. त्यामुळे किडनी काढली म्हणजे चुकीचंच केलं असं कुणी म्हणू नका. ज्याच्या हातात जे होतं त्याने त्याने केलं.

रेडिओवाला

मावशी, शंभर टक्के. रक्त थांबतच नसेल आणि आमच्यासारखं कुणी जवळ नसेल तर किडनी काढणारा सर्जन देवच. मी म्हणत होतो ते हाताशी पर्याय असताना. फक्त एक, साताऱ्याच्या काकांना ही गोष्ट सांगू नका, ते लगेच खुरपणीचं उदाहरण देतील.

धागाकर्ते, एक विचारायचं राहिलं. दुसऱ्या किडनीत काही आहे का? आणि चेहऱ्यावर बारीक पुटकुळ्या, लहानपणी फिट येणं असं काही? कारण ट्यूबरस स्क्लेरोसिस नावाच्या आजारात या गाठी दोन्हीकडे आणि पुष्कळ असतात, तिथे गणित वेगळं. एकेक गाठ कापत बसलं तर किडनी उरणार नाही. त्यांच्यासाठी एव्हरोलिमस नावाची गोळी आहे, गाठी लहान करते. आणि गर्भनिरोधक किंवा हॉर्मोनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, बायकांमध्ये ही गाठ जास्त का, त्याचा संबंध त्याच्याशी लावतात.

सिंहगडरोडकर

दुसरी किडनी साफ आहे. फिटबिट कधी नाही. बाकीचं वहिनीलाच विचारतो.

चकलीवाली

नमस्कार. मी ती वहिनी. माझ्या किडनीवर एवढी चर्चा चालू आहे आणि मला दहा दिवसांनी आमच्या मुलीकडून कळलं, म्हणून आयडी काढला. खडूस_काका, तुमचे आभार, पहिल्याच प्रतिसादात माझी आठवण काढलीत.

आधी दुरुस्ती. भाऊजींनी लिहिलंय कळ दुपारी आली. कळ सकाळी नऊलाच आली होती. पण चकलीची भाजणी भिजवलेली होती आणि चार घाणे राहिले होते, म्हणून मी कुणाला बोलले नाही. ओट्याला पोट टेकवून चकल्या तळत होते. हे डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं, आत्ता इथेच पहिल्यांदा लिहितेय, हे वाचून घरात आता बोलणी बसणार आहेत.

दुसरं, जागी असताना कसं वाटतं ते कुणी लिहिलं नाही. जांघेत टोचल्यावर फक्त दाब कळतो. डाय सोडला की आतून गरम लाट येते, इतकी की मला वाटलं लघवी झाली, लाजून काही बोलले नाही, मग सिस्टर म्हणाल्या सगळ्यांनाच तसं वाटतं. डॉक्टर म्हणायचे श्वास रोखा, सोडा, रोखा, सोडा. समोर पडद्यावर माझी किडनी काळ्या झाडासारखी दिसत होती, फांद्या फांद्या, आणि एका फांदीच्या टोकाला धूर निघाल्यासारखं. मग ते धूर निघणं बंद झालं. ते मी बघितलं. सगळ्यात वाईट काय होतं सांगू? नंतर सहा तास पाय सरळ ठेवून पडायचं होतं आणि बाजूच्या कॉटवरची बाई फराळ खात होती.

काढायचं का नाही ते मी डॉक्टरांशी एकटी बोलून आले. आत्ता नाही. तीन महिन्यांचा स्कॅन बघेन.

सिंहगडरोडकर

वहिनी!!! नऊ वाजता?

मुक्ता_कोथरूड

ताई, तुम्ही ग्रेट आहात आणि तुम्हाला दोन धपाटे घालायला हवेत.

चकलीवाली

(साडेतीन महिन्यांनी धागा वर काढतेय.) संक्रांत झाल्यावर स्कॅन झाला. रक्ताचा गोळा जवळजवळ गेला. गाठ ६.८ ची ४.७ झालीय, आत कुठे फुगा नाही, चरबी स्वच्छ दिसते, संशयास्पद काही नाही. क्रिएटिनिन ०.९. क्लेम दोन प्रश्नांनंतर पास. डॉक्टर म्हणाले सहा महिन्यांनी परत, मग वर्षाने. वाढायला लागली तर दुर्बिणीतून काढू, आणि तेव्हा भरलेल्या रक्तात हात घालायचा नसेल, निवांतपणे करता येईल. साताऱ्याच्या काकांना रिपोर्ट वाचून दाखवला, पूर्ण, बारीक अक्षरांसकट. ते म्हणाले म्हणजे अजून आहेच ना आत. आता त्यांना कोण समजावणार.

रिपोर्ट आता माळ्यावर नाही, फ्रिजच्या दारावर आहे. पुढच्या तारखेवर लाल गोल ह्यांनी केलाय. भाऊजी, माझ्या स्कूटरची किल्ली परत द्या.

खडूस_काका

बाकी सगळं ठीक. चकल्यांचं काय झालं?

चकलीवाली

शेवटचा घाणा कढईत जळाला. बाकीच्या ह्या दोघा भावांनी आयसीयूच्या बाहेर बसून संपवल्या.